न बोलता दिलेली बाटली

थोरली खुर्चीत बसली, डोकं मागे टेकवून तिने नाक वर केलं, आणि धाकटी घाबरली. का घाबरली, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. खुर्ची नेहमीचीच होती, डॉक्टरबाई नेहमीच्याच होत्या, आणि त्यांच्या हातातली रबरी फुग्याची ती छोटी नळी धाकटीने स्वतः कितीदा तरी नाकात घेतली होती. फुग्यावर बोट दाबलं की भुकटी फुसकन नाकात जाते, जरा गुदगुल्या होतात, एखादी शिंक येते. बस, एवढंच. तरी ती दाराशीच थांबली.

या दोघी सख्ख्या जावा. एका घरात राहायच्या, एका स्वयंपाकघरात भांडी आपटायच्या, आणि नशिबाचा खेळ बघा, कामालाही एकाच प्रयोगशाळेत. आधी थोरली लागली, मग तिनेच साहेबांच्या मागे लागून धाकटीला आत घेतलं. तिथे त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. थोरली आणि धाकटी म्हटलं की फरशी पुसणाऱ्या मावशींपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना कळायचं कोणाबद्दल चाललंय.

काम होतं दात किडवणाऱ्या जंतूवरच्या लशीचं. सुई नाही, टोचणं नाही. लस बारक्या कणांच्या पोटात भरायची आणि कण नाकात सोडायचे. नाकाच्या आतल्या ओल्या कातडीला ते चिकटतात, अंगाला जंतूची ओळख पटते, आणि मग तोंडातली लाळच पहारा द्यायला लागते. जंतू दाताला चिकटायला आला की लाळ त्याला चिकटू देत नाही. निदान साहेबांचा तसा भरवसा होता, आणि साहेब भरवशाचे होते.

सगळी मेख होती कणाच्या आकारात. कण जाड असला तर नाकातच अडकतो, तिथेच तो हवा. बारीक झाला तर श्वासाबरोबर सरळ छातीत उतरतो, आणि छातीत त्याचं काही काम नाही. धाकटी कण बनवायची. तिच्या यंत्रात एका नोझलमधून द्रावणाचे फवारे गरम हवेत उडायचे आणि खाली येईपर्यंत वाळून भुकटी व्हायचे. थोरली ती भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली धरून मोजायची. जिने बनवलं तिने मोजायचं नाही, हा तिथला कायदा.

आणि दुसरा कायदा पहिल्या चिमटीचा. खरी लस भरायच्या आधी रिकामी भुकटी करायची, तिच्यात नुसतं गोडीचं औषध घालायचं, आणि बनवणाऱ्या माणसांपैकी कुणीतरी ती स्वतःच्या नाकात घ्यायची. लोकांच्या नाकात घालायचं तर आधी आपल्या नाकात, असं साहेबांचं म्हणणं. भुकटी नाकात नीट बसली असेल तर नाकातली ओल तिला हळूहळू मागे ढकलते, ती घशात उतरते आणि जिभेच्या मुळाशी गोड लागतं. गोड लागलं की डॉक्टरबाई टाळी वाजवायच्या आणि सगळे कामाला लागायचे. गोड लागलं नाही तर भुकटी गेली कुठे, हा प्रश्न यायचा. अजून कधी तो आला नव्हता.

आजची पाळी खरं तर धाकटीची होती. तिचं नाक चोंदलेलं होतं. सर्दी झालीय असं तिने सांगितलं. रात्रभर उशीत तोंड खुपसून रडल्याने झालंय हे काय सांगायचं? डॉक्टरबाईंनी नाकात बॅटरी मारली आणि तोंड वाकडं केलं. एक नाकपुडी मोकळी आहे, तेवढ्यावर भागेल, असं धाकटीने सांगून पाहिलं. ती खुर्चीकडे निघालीच होती. तेवढ्यात कोपऱ्यातून थोरली उठली, तिच्या अंगावरूनच पुढे गेली आणि खुर्चीत बसली. मी घेते, एवढंच ती डॉक्टरबाईंना म्हणाली. धाकटीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

बघणार कशी? दोघींचा अबोला होता.

आणि अबोला कशावरून, तर दातांवरूनच. धाकटीची पोरगी, घरातली भिंगरी, अजून शाळेची पायरीसुद्धा चढली नव्हती आणि तिचे पुढचे दात काळे पडून झिजले होते. दाताच्या दवाखान्यात सांगितलं, काढावे लागतील. धाकटी घरी आली ती तणतणतच. समोर थोरली दिसली, भिंगरीला मांडीवर घेऊन भरवत होती. चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावायचा, फार गरम नाही ना बघायचं, मग पोरीच्या तोंडात. वर्षानुवर्षं ती असंच भरवत आली होती, कारण धाकटी उशिरापर्यंत यंत्रापाशी असायची. दुसऱ्या कुठल्या घरातली बाई फार तर गोळ्या-बिस्किटांवरून भांडली असती. ही प्रयोगशाळेतली. तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या तोंडातले जंतू गेलेत तिच्या तोंडात. त्या चमच्यातून. तुम्हीच किडवलेत माझ्या लेकीचे दात." सासू ऐकत होती, नवरे ऐकत होते. थोरलीने चमचा वाटीत ठेवला, पोरीला मांडीवरून खाली उतरवलं आणि उठून गेली. त्यानंतर तिने भिंगरीला एक घास भरवला नाही आणि धाकटीशी एक शब्द बोलली नाही.

शास्त्राने बघाल तर धाकटीचं फार चुकलं नव्हतं. हे जंतू मोठ्यांच्या तोंडातून पोरांच्या तोंडात असेच जातात, त्या प्रयोगशाळेत तर हे भिंतीवर चित्र काढून लावलेलं होतं. पण भिंगरीचा पापा धाकटी स्वतःही घ्यायचीच की. जंतू कोणाचा, हे त्या जंतूलाच ठाऊक. एवढी अक्कल तिला दुसऱ्या दिवशी आली, पण तोवर थोरलीचं दार बंद झालेलं होतं, आणि आपण होऊन ते ठोठावायचं म्हणजे धाकटीच्या जिवावर यायचं.

फुसकन आवाज झाला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. थोरलीला शिंक आली नाही. ती नुसती बसून राहिली, हात मांडीवर ठेवून.

धाकटी दाराला टेकून उभी होती. आपल्याला कसली भीती वाटतेय, ते आता तिच्या ध्यानात यायला लागलं. थोरलीला दमा होता. फार नाही, हवा गार झाली की उसळायचा; पण होता. प्रयोगशाळेत कुणाला माहीत नव्हतं, कारण दमा असलेल्या माणसाला पहिली चिमूट घ्यायला मनाई होती आणि थोरलीला कुठल्याच कामात मागे राहिलेलं खपत नसे. घरी मात्र तो लपत नव्हता. दोघींच्या खोल्यांच्या मध्ये एक पातळ भिंत होती. थंडीत त्या भिंतीतून थोरलीच्या श्वासाची शीळ ऐकू यायची, मग कपाटाचा खण उघडल्याचा आवाज, मग पंपाचा. धाकटी आपल्या अंथरुणात पडून पंपाची वाट बघायची आणि तो वाजला की कुशीवर वळून झोपायची.

तिने मनाची समजूत घातली. भुकटी जाड आहे. जाड भुकटी नाकातच राहते. छातीपर्यंत पोचत नाही, मग दमा असो नाहीतर नसो, काय बिघडणार आहे?

डॉक्टरबाईंनी विचारलं, काही गोड? थोरलीने मान हलवली. नाही.

जरा वेळ गेला. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेली, तिची चाकं करकरली. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा मान हलली. नेहमी एव्हाना गोड लागलेलं असायचं. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या की थोरलीबाईंचं नाकच त्यांच्यासारखं हट्टी दिसतंय. थोरली हसली नाही.

आणि तेव्हा तिला ती सकाळ आठवली.

त्या यंत्राला दोन नोझलं होती. जाड भुकटीचं एक आणि बारीक भुकटीचं एक. बारीक नोझल त्यांच्या कामाचं नव्हतंच. शेजारच्या खोलीतली माणसं छातीत ओढायचं औषध बनवायची, त्यांच्यासाठी अधूनमधून यंत्र द्यावं लागे. दोन्ही दिसायला एकसारखी, फरक नुसता गळ्यातल्या कड्याचा. भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने यंत्र लावलं होतं. डोळे सुजलेले, डोक्यात घरचं चाललेलं. कडं बघितलं होतं का? तिने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. स्वतःचा हात दिसला, पाना दिसला, पिळलेला स्क्रू दिसला. कडं काही केल्या दिसेना.

अशी चूक होऊ नये म्हणून तर प्रयोगशाळेत एक रीत होती. भुकटीची बाटली एका हातातून दुसऱ्या हातात देताना मोठ्याने बोलायचं. देणारीने सांगायचं, अमुक नोझल, अमुक द्रावण, आणि घेणारीने तेच पुन्हा म्हणून दाखवायचं. पोरखेळ वाटायचा, नवीन आलेली माणसं हसायची. पण म्हणताना माणूस थबकतो, कुठलं नोझल लावलं ते आठवतो, चुकलेलं ध्यानात येतं. दोघी जावांची तर त्यात गंमत चालायची. धाकटी नाटकातल्यासारखी घोषणा करायची आणि थोरली तिची नक्कल करत ते परत म्हणायची.

त्या दिवशी धाकटी मोजणीच्या खोलीत गेली, थोरली पाठमोरी बसली होती. धाकटीने बाटली टेबलाच्या कडेला ठेवली आणि निघून आली. कोणी काही म्हटलं नाही. संध्याकाळी बाटलीला हिरवी चिठ्ठी चिकटलेली होती, म्हणजे थोरलीने पास केलेली. हिरवी चिठ्ठी बघून धाकटीने सुटकेचा श्वास टाकला होता. त्या खोलीत शेजारच्यांच्याही बाटल्या असायच्या. थोरलीने कुठली उघडली, कुठली मोजली, कुणास ठाऊक.

"गोड लागलं," थोरली एकाएकी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी टाळी वाजवली. साहेबांना कळवते म्हणाल्या आणि हातमोजे काढायला वळल्या. धाकटी जागची हलली नाही. थोरलीच्या त्या दोन शब्दांच्या मागे तिला काहीतरी ऐकू आलं होतं. अगदी बारीक. दाराखालच्या फटीतून वारा यावा तसं. दुसऱ्या कुणाला ते ऐकू आलंच नसतं. धाकटीने ते भिंतीपलीकडून कित्येक हिवाळे ऐकलं होतं.

आता गप्प बसली असती तर? तर साहेबांना निरोप गेला असता, थोरली हळूच उठून पिशवीतला पंप शोधायला गेली असती, कदाचित निभावलंही असतं. थोरलीचा आब राहिला असता आणि धाकटीची चूकही झाकली गेली असती. आणि नसतं निभावलं तर ती संडासात नाहीतर जिन्यात एकटीच सापडली असती. धाकटीच्या डोळ्यांसमोर जिना आला आणि तिची जीभ सुटली.

"खोटं बोलताहेत त्या," ती ओरडली. "डॉक्टर, त्यांना दमा आहे. भुकटी छातीत गेलीय."

थोरलीने तिच्याकडे अशी नजर टाकली की काय सांगावं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा दोघींची नजरानजर झाली, तीही अशी. काहीच नाही, हिचं काय ऐकता, असं ती म्हणायला गेली आणि वाक्य अर्ध्यावर तुटलं. खोकला आला. खोकल्यानंतर श्वास आत घेताना शीळ सगळ्या खोलीने ऐकली.

मग धांदल उडाली. डॉक्टरबाईंनी तिला पुढे वाकवून बसवलं, छातीला तपासायची नळी लावली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पुसून गेलं. त्यांनी कपाटातून वाफाऱ्याचं यंत्र काढलं, त्यात औषध ओतलं, त्याचा मुखवटा तिच्या तोंडावर बसवला, यंत्र घरघरायला लागलं. धाकटी मदतीला पुढे झाली तर तिला त्यांनी बाहेर पिटाळलं. आत नेमकं काय गेलंय ते बघून ये, म्हणाल्या, उरलेली भुकटी बघ आणि धावत ये.

ती धावली. मोजणीच्या खोलीत तिने त्या बाटलीतली चिमूट काचेवर पसरली. घाईत काच एकदा हातातून सुटलीच. दुसरी घेतली. डोळा लावला तर आधी नुसतं धुकं. सापडेना, चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग कण दिसले. जिथे जाड, गोल, सुटे सुटे कण दिसायला हवे होते, तिथे पावडरीसारखं बारीक पीठ पसरलेलं होतं. तिने कितीदा तरी डोळा चोळून पाहिलं. पीठ ते पीठच राहिलं.

मेले, असं ती मोठ्याने म्हणाली. खोलीत कोणी नव्हतं. तिला घर दिसलं, सासू दिसली, दीर दिसले. भिंगरी विचारते आहे, मोठी आई कुठे गेली. काय सांगणार होती ती? माझ्या हाताने केलेलं तिच्या छातीत गेलं, आणि कडं बघायचं राहिलं, कारण मी तिच्यावर रुसले होते? माणसं असल्या कारणाने मरतात? मरतात की, धाकटीला वाटलं, याहून फालतू कारणाने मरतात. ती परत निघाली, आणि त्या पॅसेजमधून जाताना तिला सगळ्यात भीती वाटली ती आतून काही आवाज येत नसल्याची.

दार उघडलं. यंत्र घरघरत होतं म्हणून बाकी काही ऐकू येत नव्हतं, एवढंच. थोरली पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती. मुखवट्याच्या आत वाफ भरलेली. ओठ राखेसारखे. प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर जात होते आणि गळ्याखाली खड्डा पडत होता. धाकटीने सांगितलं, बारीक आहे, अगदी बारीक, सगळी. डॉक्टरबाईंनी मान डोलावली आणि आणखी औषध घातलं. भुकटीत विष नाही, त्या म्हणाल्या, कण आपोआप विरघळून जातील. पण छातीच्या नळ्या चिडून आवळल्या आहेत, त्या सैल पडल्या पाहिजेत. नाही पडल्या तर रुग्णालय. गाडी दाराशी बोलावून ठेवली आहे.

धाकटी जमिनीवर बसली, थोरलीच्या पायाशी. ती नुसती मोजत बसल्यासारखी ऐकत राहिली. आत जाणारा, बाहेर येणारा, आत जाणारा. थोरलीचं पाऊल तिने दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. ते गार होतं. थोरलीने ते काढून घेतलं नाही. कदाचित तिला तेवढंही बळ नसेल.

शीळ आधी वाढली आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, हे चांगलं आहे, हवा जायला लागलीय. धाकटीचा त्यावर विश्वास बसला नाही. पण हळूहळू खांदे खाली आले. ओठांवर रंग फिरला. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकून भिंतीवर चढलं, तोवर थोरली पाठ टेकून बसू शकत होती. डॉक्टरबाईंनी पुन्हा छाती तपासली, मुखवटा काढला, आणि एक रात्र तरी रुग्णालयात काढावीच लागेल असं सांगून गाडीचं बघायला बाहेर गेल्या. जाताना दमा लपवल्याबद्दल त्यांनी थोरलीला चांगलं झापलं. थोरलीने ते खाली मान घालून ऐकलं, जे तिने जन्मात कधी केलं नव्हतं.

दोघीच उरल्या. धाकटीला माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं भलतंच. मोजणीच्या खोलीत असताना एक गोष्ट तिच्या डोक्यात घुसली होती आणि ती निघत नव्हती. थोरलीची नजर तर अशी की कणाचा टवकाही सुटायचा नाही.

"तुम्ही दुसरीच बाटली मोजलीत ना, वहिनी?" तिने विचारलं. विचारताना ती जवळजवळ विनवत होती.

थोरलीने डोळे मिटले होते. मान हलली. नाही.

"हीच मोजली?"

"हीच."

"मग बारीक दिसली नाही?"

"दिसली." एक श्वास. "वाटलं, साहेबांनीच बारीक करायला सांगितली असेल. परवा ते म्हणत होते काहीतरी. तुला माहीत असणार. तू सांगशील म्हणून थांबले." आणखी एक श्वास. "तू आलीच नाहीस. लावली चिठ्ठी."

धाकटीला एकदम सकाळची खुर्ची आठवली, आणि आपल्या अंगावरून पुढे गेलेली थोरली.

"शंका होती तुम्हाला," ती म्हणाली. "शंका होती, छातीचं हे असं, आणि तरी बसलात? का बसलात?"

"तू बसत होतीस."

"अहो, मग नको म्हणायचं होतं मला. बारीक वाटतेय, एवढं म्हणायचं. दोन शब्द."

थोरलीने डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, दमलेल्या माणसासारखं, खरं तेच सांगावं तसं.

"तुझ्याशी बोलावं लागलं असतं," ती म्हणाली.